कोळसा संपला नाही, पण माणसं गेली: अमेरिकेतल्या मॅकडॉवेल काउंटीत नळाचं पाणी, दवाखाना आणि शाळा कोण चालवतं?

डोंगराच्या कपारीतून एक पाइप बाहेर आलेला आहे. त्यातून झऱ्याचं पाणी पडतंय. रस्त्याच्या कडेला एखादी गाडी थांबते, मागचे रिकामे कॅन खाली उतरतात, भरले जातात आणि गाडी पुढे जाते. घरी नळ आहे, पण त्याचं पाणी प्यायची अनेकांची तयारी नसते.

हे वर्णन जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातलं आहे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या मॅकडॉवेल काउंटीत झऱ्यावरून पाणी भरणं हा अनेक कुटुंबांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे.

अमेरिकेतल्या ग्रामीण गरिबीवर चर्चा सुरू झाली की मॅकडॉवेलचं नाव येतंच. निवडणुकीच्या वेळी पत्रकार इथे येतात, पडक्या घरांचे फोटो काढतात आणि निघून जातात. मागे प्रश्न उरतो तो असा: ज्या भागातल्या कोळशावर अमेरिकेचा पोलाद उद्योग उभा राहिला, तिथे साध्या सार्वजनिक सेवा का टिकल्या नाहीत?

सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी, काउंटी म्हणजे काय?

अमेरिकेत राज्याच्या खालोखाल काउंटी येते. देशभरात अशा तीन हजारांहून जास्त काउंटी आहेत आणि एकट्या वेस्ट व्हर्जिनियात ५५. आपल्याकडच्या जिल्ह्याशी तिची तुलना केली जाते, पण एक मोठा फरक आहे. आपल्या जिल्ह्याचा कारभार पाहायला राज्य सरकार जिल्हाधिकारी पाठवतं. काउंटीत बहुतेक महत्त्वाची पदं थेट निवडणुकीतून भरली जातात.

वेस्ट व्हर्जिनियात बहुतेक काउंटींचा कारभार तीन निवडून आलेले कमिशनर पाहतात. शाळांसाठी वेगळं निवडून आलेलं मंडळ असतं. शेरीफही निवडून येतो. आणि गंमत म्हणजे या राज्यात शेरीफ हा फक्त पोलीस अधिकारी नसतो, तर काउंटीचा खजिनदारही असतो. मालमत्ता कर गोळा करणं हे त्याच्याच कार्यालयाचं काम.

इथेच पुढच्या गोष्टीची किल्ली आहे. काउंटीचा कारभार, शाळा, रुग्णवाहिका, ग्रंथालय यांचा बराच भार स्थानिक करांवर असतो. घरांची आणि जमिनीची किंमत चांगली असेल तर तिजोरी भरते. किंमत पडली की तिजोरीही रिकामी होते.

एक लाखाच्या उंबरठ्यावरून १९ हजारांवर

१९५० च्या जनगणनेत मॅकडॉवेलची लोकसंख्या ९८,८८७ होती. १९८० मध्ये ती ४९,८९९ झाली. २००० मध्ये २७,३२९. आणि २०२० मध्ये फक्त १९,१११.

म्हणजे ७० वर्षांत दर पाच माणसांमागे चार कमी झाली. शिवाय या १९ हजारांत तुरुंगातले कैदीही आहेत, कारण अमेरिकेची जनगणना कैद्यांना तुरुंगाच्या पत्त्यावरच मोजते.

काउंटीचं मुख्य ठिकाण वेल्च. टग फोर्क नदी आणि एल्कहॉर्न क्रीक यांच्या संगमावर, डोंगरांच्या चिंचोळ्या जागेत वसलेलं. एकेकाळी इथे इतकी गर्दी होती की १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नगरपालिकेनं गाड्यांसाठी बहुमजली पार्किंग बांधलं. नगरपालिकेच्या मालकीचं असं पार्किंग देशात पहिलंच होतं, असं वेल्चमध्ये आजही अभिमानानं सांगितलं जातं.

ही गर्दी आली कोळशामुळे. १९ व्या शतकाच्या अखेरीस रेल्वे पोहोचली आणि पोकाहोंटास नावानं ओळखल्या जाणाऱ्या कोळशाच्या थरांचं खोदकाम वेगानं सुरू झालं. पोलाद बनवायला लागणारा हा उत्तम दर्जाचा कोळसा. खाणीत काम करायला दक्षिणेतून कृष्णवर्णीय कामगार आले, युरोपातून इटालियन, हंगेरियन आणि पोलिश कुटुंबं आली.

या मिश्र वस्तीचा एक परिणाम राजकारणातही दिसला. १९२८ मध्ये मॅकडॉवेलमधल्या मिनी बकिंगहॅम हार्पर यांची वेस्ट व्हर्जिनियाच्या विधिमंडळात नेमणूक झाली. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळात बसणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

मग लोक गेले कसे? कोळसा संपला म्हणून नाही. तो आजही निघतो. बदललं ते काढण्याचं तंत्र. १९५० नंतर खाणीत मोठी यंत्रं आली आणि शेकडो माणसांचं काम मोजक्या माणसांवर आलं. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेचा पोलाद उद्योग गडगडला आणि गॅरी या गावातल्या खाणी यूएस स्टील कंपनीनं बंद केल्या. या गावाचं नावच कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांच्यावरून पडलेलं. दहा वर्षांत काउंटीची लोकसंख्या जवळपास ३० टक्क्यांनी घटली.

घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पाणीही कंपनीचं

मॅकडॉवेलमधली बरीच गावं सरकारनं किंवा लोकांनी वसवलेली नव्हती. ती कंपन्यांनी वसवली. घर कंपनीचं, किराणा कंपनीच्या दुकानात, डॉक्टर कंपनीचा. अनेक ठिकाणी पगारही कंपनीच्या टोकनमध्ये मिळायचा आणि ते टोकन कंपनीच्याच दुकानात चालायचं. संघटना काढणाऱ्यांवर करडी नजर असे. १ ऑगस्ट १९२१ रोजी खाण कामगारांच्या बाजूनं उभे राहिलेले पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड यांना वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवरच गोळ्या घालण्यात आल्या.

पाण्याचे पाइपही कंपनीनंच टाकले होते. पुढे कंपन्यांनी घरं कामगारांना विकली आणि काही वर्षांनी खाणी बंद करून निघून गेल्या. पाइप मात्र जमिनीतच राहिले. त्यांची देखभाल कोणी करायची, हे कुणीच नीट ठरवलं नव्हतं.

काही गावांत रहिवाशांनी स्वतःच पंप चालवले. काही ठिकाणी छोट्या नगरपालिकांनी जबाबदारी घेतली, पण त्यांच्याकडे पैसे नव्हते. कीस्टोनसारख्या गावात 'पाणी उकळूनच प्या' ही सूचना वर्षानुवर्षं लागू राहिली.

आज काउंटीचं पाणीपुरवठा मंडळ एकेक जुनी योजना ताब्यात घेऊन नव्यानं उभी करतंय. पण हिशेब अवघड आहे. घरं डोंगरांमधल्या अरुंद घळींमध्ये, एका रांगेत, दूरदूर पसरलेली. शहरात एक किलोमीटर पाइपावर शेकडो ग्राहक मिळतात, इथे मोजकेच. पाइपाचा खर्च मात्र तेवढाच, किंबहुना खडकामुळे जास्त. पाणीपट्टी वाढवावी तर लोकांना परवडत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी संघराज्य सरकारचं अनुदान किंवा कर्ज लागतं आणि त्यात वर्षं जातात.

सांडपाण्याची अवस्था आणखी वाईट. अनेक घरांचं सांडपाणी पाइपानं थेट ओढ्यात सोडलं जातं.

हा प्रश्न एकट्या मॅकडॉवेलचा नाही. डिगडीप या स्वयंसेवी संस्थेनं सहकारी संस्थेसोबत २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, अमेरिकेत २० लाखांहून जास्त लोकांच्या घरात नळाचं पाणी किंवा शौचालयाची मूलभूत सोय नाही. हीच संस्था आता मॅकडॉवेलमध्ये घरोघरी जोडण्या देण्याचं काम करते.

एवढा कोळसा निघाला, मग पैसा गेला कुठे?

याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं, जमिनीची मालकी. वेस्ट व्हर्जिनियातल्या जमीनमालकीचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मॅकडॉवेलसह दक्षिणेकडच्या पाच कोळसा काउंटींत निम्मी किंवा त्याहून जास्त खासगी जमीन प्रत्येकी केवळ दहा मोठ्या मालकांकडे आहे. यात जमीन आणि खनिज हक्क सांभाळणाऱ्या, बाहेर मुख्यालय असलेल्या कंपन्याच जास्त. त्यामुळे नवं घर बांधायला, छोटा कारखाना काढायला किंवा पुरापासून दूर उंचावर वस्ती हलवायला जागाच मिळत नाही.

दुसरं, कराचा वाटा. जमिनीतून काढलेल्या कोळशावर राज्य सरकार कर घेतं. त्यातला मोठा भाग राज्याच्या तिजोरीत जातो आणि छोटा भाग काउंटींकडे परत येतो. कोळशाचा भाव आणि उत्पादन पडलं की तोही आटतो. म्हणजे संकटाच्या वर्षी, जेव्हा खर्च वाढतो, नेमकं तेव्हाच उत्पन्न कमी होतं.

चांगल्या काळात भविष्यासाठी मोठी गंगाजळी उभी राहिली नाही. कोळसा रेल्वेनं बाहेर गेला आणि त्याच्यासोबत नफाही.

दवाखान्याचा झाला तुरुंग

वेल्चमध्ये स्टीव्हन्स क्लिनिक नावाचं खासगी हॉस्पिटल होतं. ते बंद पडलं. त्याच इमारतीत आज स्टीव्हन्स करेक्शनल सेंटर, म्हणजे तुरुंग आहे. २०१० मध्ये वेल्चजवळ संघराज्य सरकारचाही एक मोठा तुरुंग सुरू झाला.

तुरुंग आला तेव्हा नोकऱ्यांची आशा होती. पण संघराज्याच्या तुरुंगात नव्यानं भरती होण्यासाठी तेव्हा साधारणपणे ३७ वर्षांची वयोमर्यादा होती. चाळिशी ओलांडलेल्या, नोकरी गेलेल्या खाण कामगाराला तिथे दार बंदच होतं.

वेल्चमध्ये वेल्च कम्युनिटी हॉस्पिटल हे सरकारी रुग्णालय आहे. त्याची मुळं १९०२ च्या सुमाराला खाण कामगारांसाठी काढलेल्या रुग्णालयात आहेत. पण गंभीर आजारासाठी बाहेर जावं लागतं. त्यातही शेजारच्या मर्सर काउंटीतल्या ब्लूफिल्ड येथील रुग्णालयानं २०२० मध्ये रुग्ण दाखल करून घेणं बंद केलं. वळणावळणाचे डोंगरी रस्ते, काउंटीतून एकही इंटरस्टेट महामार्ग जात नाही. अशा वेळी रुग्णवाहिकेचा एकेक मिनिट महाग पडतो.

परिणाम आकड्यांत दिसतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आरोग्यविषयक संस्थेनं २०१३ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार, मॅकडॉवेलमधल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान सुमारे ६४ वर्षं होतं. साधारण पाच-सहा तासांच्या अंतरावर, राजधानी वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काउंटीत ते जवळपास ८२ वर्षं होतं. एकच देश, फरक १८ वर्षांचा.

यामागे हृदयविकार आणि मधुमेह आहे, कोळशाच्या धुळीनं होणारा फुप्फुसांचा आजार आहे आणि वेदनाशामक गोळ्यांचं व्यसनही आहे. खाणीत पाठ मोडलेल्या माणसांना डॉक्टरांनी या गोळ्या लिहून दिल्या आणि त्यातून एक अख्खी पिढी ओढली गेली. अमली पदार्थांच्या अतिसेवनानं होणाऱ्या मृत्यूंच्या दरात मॅकडॉवेल देशात अगदी वरच्या काउंटींमध्ये राहिली आहे. म्हणूनच इथल्या अनेक घरांत मुलांना आजी-आजोबा सांभाळतात.

शाळा आणि दुकान

२००१ मध्ये मॅकडॉवेलच्या शाळांचा कारभार राज्य सरकारनं आपल्या ताब्यात घेतला. तो स्थानिक मंडळाला परत मिळायला २०१३ उजाडलं.

मुलं कमी झाली की शाळा एकत्र केल्या जातात. 'ऑक्टोबर स्काय' हा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. खाणीच्या गावातला मुलगा रॉकेट बनवतो आणि पुढे नासात जातो, ही होमर हिकम यांची खरी गोष्ट. त्यांचं कोलवुड हे गाव याच काउंटीतलं. त्यांची बिग क्रीक हायस्कूल २०१० मध्ये दुसऱ्या शाळेत विलीन होऊन बंद झाली.

शिक्षक मिळणं ही आणखी एक अडचण. पगार एकवेळ जुळेल, पण राहायला बरं घर मिळत नाही. म्हणून शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकारानं २०११ मध्ये सुरू झालेल्या 'रिकनेक्टिंग मॅकडॉवेल' या उपक्रमातून वेल्चमध्ये शिक्षकांसाठी अपार्टमेंटची इमारत बांधण्यात आली. शाळा सुधारायला आधी घरं बांधावी लागली!

दुकानाचंही तेच. किंबॉल इथलं वॉलमार्ट जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. शंभराहून जास्त नोकऱ्या गेल्या. ताजी भाजी आणि औषधं एका छताखाली मिळण्याची जागा गेली. इतकंच नाही, तर स्थानिक अन्नपेढीला त्या दुकानाकडून मिळणारं अन्नही थांबलं.

देशातले पहिले फूड स्टँप इथेच

१९६० मध्ये प्रचारासाठी आलेल्या जॉन केनेडी यांनी इथली गरिबी जवळून पाहिली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी प्रायोगिक तत्त्वावर फूड स्टँप योजना सुरू केली. २९ मे १९६१ रोजी या योजनेतले देशातले पहिले स्टँप मॅकडॉवेलमधल्या १५ जणांच्या एका कुटुंबाला मिळाले. १९६४ मध्ये त्याचा कायदा झाला. आज तीच योजना 'स्नॅप' नावानं ओळखली जाते आणि देशात कोट्यवधी लोक तिचा लाभ घेतात.

आपल्याकडे रेशन दुकानातून धान्य मिळतं. स्नॅपमध्ये कार्डवर दरमहा रक्कम जमा होते आणि त्यातून नेहमीच्या दुकानात खाद्यपदार्थ घेता येतात. म्हणजे हा पैसा स्थानिक किराणा दुकानालाही जगवतो. गरिबांसाठीच्या मेडिकेड आरोग्य योजनेचा पैसा हॉस्पिटलला जगवतो. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन आजी-आजोबांसोबत नातवंडांनाही पोसतं.

जिथे साधारण तीनातला एक माणूस दारिद्र्यरेषेखाली आहे आणि कौटुंबिक उत्पन्न देशाच्या मध्यम पातळीच्या निम्म्याहून कमी आहे, तिथे या तीन योजना म्हणजेच अर्थव्यवस्था आहे. कंपनी गेल्यावर जी पोकळी झाली, ती काउंटीला भरता आली नाही. वॉशिंग्टनहून येणाऱ्या पैशानं ती जेमतेम झाकली गेली.

आणि आता तोच पैसा आटतोय

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कर आणि खर्चविषयक कायद्यानं या योजनांचे नियम बदलले.

- मेडिकेडच्या विस्तारित योजनेतल्या बहुतेक प्रौढांना २०२७ च्या सुरुवातीपर्यंत महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं दाखवावं लागेल.
- स्नॅपसाठीची कामाची अट आता ६४ वर्षांपर्यंतच्या अनेकांना लागू झाली आहे.
- स्नॅपच्या प्रशासकीय खर्चातला राज्यांचा वाटा ५० वरून ७५ टक्के होणार आहे. पुढे चुकांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांना लाभाच्या रकमेतही वाटा उचलावा लागेल.

समर्थकांचं म्हणणं असं की धडधाकट माणसानं काम करावं आणि योजनेतली गळती थांबावी. ग्रामीण आरोग्यसेवेसाठी पाच वर्षांत ५० अब्ज डॉलरचा वेगळा निधीही याच कायद्यात आहे.

पण मॅकडॉवेलमध्ये प्रश्न वेगळा आहे. काम करण्याची अट पूर्ण करायला काम तर हवं. तासांची नोंद ऑनलाइन करायची असेल तर इंटरनेट हवं आणि कार्यालयात जायचं तर गाडी हवी. या तिन्ही गोष्टी इथे सहज मिळत नाहीत.

पैसा थांबला तर काय होतं, याची झलक नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसली. सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प झालं आणि स्नॅपची रक्कम देशभर अडकली. मग जानेवारी २०२६ पासून वेस्ट व्हर्जिनियात स्नॅपच्या पैशातून सोडा घ्यायला बंदी आली. आरोग्याच्या दृष्टीनं हे योग्य वाटेल. पण जिथे नळाच्या पाण्याचाच भरवसा नाही, तिथे आधी काय दुरुस्त करायला हवं, हा प्रश्न उरतोच.

मग इथले लोक मत कुणाला देतात?

अनेक दशकं ही काउंटी डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला होती. २००८ मध्ये बराक ओबामा इथे जिंकले, २०१२ मध्ये हरले. २०१६ मध्ये ट्रम्प यांना जवळपास तीन चतुर्थांश मतं मिळाली. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत मात्र डावे मानले जाणारे बर्नी सँडर्स इथे जिंकले होते.

बाहेरच्या लोकांना हे विसंगत वाटतं. 'स्वतःच्या पायावर धोंडा' अशी टीकाही होते. पण दोन्ही उमेदवारांत एक गोष्ट समान होती: सध्याची व्यवस्था तुमच्यासाठी चालत नाही, असं दोघंही उघड म्हणत होते. त्यात ट्रम्प कोळशाच्या नोकऱ्या परत आणू म्हणत होते. शिवाय मतदानालाच न जाणाऱ्यांची संख्याही इथे मोठी आहे, हे विसरून चालणार नाही.

भारताशी याचा काय संबंध?

थेट आहे. भारताला पोलाद बनवण्यासाठी लागणारा बहुतांश कोकिंग कोळसा आयात करावा लागतो. गेल्या काही वर्षांत अमेरिकी कोळशाच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकांमध्ये भारत आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेएसडब्ल्यू स्टीलनंही २०१० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणींमध्ये गुंतवणूक केली होती. म्हणजे या डोंगरांतल्या खाणीत पाळी वाढेल की कमी होईल, हे काही अंशी भारतातल्या पोलादाच्या मागणीवरही ठरतं.

पुढे काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये काउंटीत मोठा पूर आला. तीन जणांचा मृत्यू झाला, घरं आणि रस्ते वाहून गेले, पाणीपुरवठा कोलमडला. २००१ आणि २००२ मध्येही असेच पूर आले होते. प्रत्येक पुरानंतर काही कुटुंबं परत येत नाहीत. मग करदाते कमी होतात, सेवा आणखी आकसतात आणि आणखी काही जण जातात. हे चक्र तोडणं हेच खरं आव्हान आहे.

आशेच्या जागा आहेत. जुन्या खाणींच्या डोंगरवाटांवर चारचाकी एटीव्ही गाड्या चालवायला पर्यटक येतात आणि त्यातून छोटी विश्रामगृहं, खानावळी उभ्या राहिल्यात. पाण्याच्या नव्या योजना एकेका गावात पोहोचतायत. पण पर्यटनाच्या हंगामी कमाईवर हॉस्पिटल चालत नाही आणि देणग्यांवर पाइपलाइनची देखभाल होत नाही.

'लोक तिथून निघून का जात नाहीत?' हा प्रश्न सोशल मीडियावर नेहमी विचारला जातो. खरं तर पाचातले चार गेलेच आहेत. जे उरले, त्यांच्यातले बरेच जण वयस्कर आहेत, आजारी आहेत किंवा कुणाला तरी सांभाळतायत. इथलं घर विकून दुसऱ्या शहरात वर्षभराचं भाडंही निघेल याची खात्री नाही. आणि काहींना जायचंच नाही, कारण हे त्यांचं गाव आहे.

मॅकडॉवेलची गोष्ट कोळशापुरती नाही. एखाद्या गावाचं पाणी, दवाखाना आणि घरं एकाच उद्योगाच्या हातात असतील, तर तो उद्योग तेजीत असतानाच एक प्रश्न विचारायला हवा: उद्या हे निघून गेले, तर नळ कोण चालू ठेवणार? मॅकडॉवेलमध्ये हा प्रश्न वेळेवर ठरवला गेला नाही. त्याची किंमत तिथली माणसं आजही, एकेक कॅन भरून, चुकवतायत.